सरूमावशीची वरची खोली

मागावर बसणाऱ्याच्या कपड्यांना सुताची तुसं चिकटतात, तसे आमच्या गणेश मंडळाला किस्से चिकटायचे. झटकले तरी दुसऱ्या दिवशी नवे हजर. आजही आम्ही जुने मेंबर जमलो की चहा यायच्या आधी जोसेफचा विषय येतो आणि घरी बोलणी खायची वेळ होते.

साल सत्तरच्या पुढचं, सोलापूरचा विणकरांचा भाग. मंडळाचे सर्वेसर्वा नरसय्याअण्णा. दिवसभर चादरीच्या मागावर, संध्याकाळी आमच्या मागावर. मी मोहोळहून शिकायला आलेला, रशीद टांगेवाल्याच्या घरचा, बाकी बहुतेक तेलुगू पोरं. अण्णांना भाषणाचा भारी कंटाळा. ‘माणसं एक आहेत’ असं कुणी बोलायला लागलं की ते त्याला सतरंजी झाडायला लावायचे.

*

जोसेफ केनियाचा. मेडिकलला आला होता. उंच, काळाभोर, आणि रोज पहाटे पटांगणावर पळायचा. गल्लीतली पोरं मागून ‘हबशी, हबशी’ ओरडायची, एकदोघांनी खडेही मारले.

अण्णांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या मंडळाला पहाटे उठवून त्याच्या सोबतीला पळायला धाडलं. पण हे जोसेफला कुणी सांगितलंच नाही! मागून पंधरा पोरं धावत येताना बघून तो जीव खाऊन पळत सुटला. तो पळतोय म्हणून आम्ही वेग वाढवला. थेट तलावापर्यंत वरात गेली.

शेवटी तो थांबला आणि हात जोडून इंग्रजीत म्हणाला, ‘‘माझं काय चुकलं?’’

रशीदला धाप लागली होती. इंग्रजीही बेताचंच. तो एवढंच म्हणाला, ‘‘नथिंग. फ्रेंडशिप.’’

*

मग कळलं की त्याची आधीची जागा सुटलीय आणि दुसरी मिळतच नाहीये. मंडळासमोर सरूमावशीचं घर. मावशी विधवा, मूळची अकलूजकडची, जीभ लवंगी मिरची. तिच्या दारावर ‘वरची खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी टांगलेली. अण्णा स्वतः विचारायला गेले, सोबत मी.

मावशी म्हणाली, ‘‘नगं रं अण्णा. लई काळा हाय त्यो. लेकरं भ्यायची.’’

आता आमचे अण्णा म्हणजे भाकरीच्या तव्याला सख्खे भाऊ. ते म्हणाले, ‘‘मावशी, मी काय गोरा आहे का?’’

‘‘तू आपल्यातला काळा हायस की!’’

अण्णांनी चपला घातल्या. जोसेफची वळकटी मंडळाच्या खोलीत आली. पण ती खोली एका चादरवाल्या शेठनं गणपती होईपर्यंतच दिलेली होती. विसर्जन झालं की जागा रिकामी. तोवर दुसरी मिळाली नाही, तर शिक्षण सोडून परत जातो, असं जोसेफ म्हणायला लागला होता. मला फार वाईट वाटायचं, कारण तोवर तो आमचा झाला होता.

*

नाक्यावरच्या हॉटेलात त्याला चहा मिळायचा, पण कानतुटक्या कपात. तो कप वेगळा ठेवलेला असायचा. असे कप सोलापुरात नवे नव्हते, आमच्यातल्या काहींच्या वडिलांनी ते भोगले होते.

अण्णा आम्हा सगळ्यांना घेऊन गेले आणि मालकाला म्हणाले, ‘‘सगळ्यांना त्याच कपात पाहिजे.’’

कप एक, पिणारे पंधरा. एकाचं होईपर्यंत बाकीचे बाकडी अडवून बसलेले. त्यात रशीद एकेक घोट फुंकून फुंकून प्यायचा. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं. शेवटी मालकानं तो कप आपटून फोडला आणि विचारलं, ‘‘झालं समाधान?’’

अण्णा म्हणाले, ‘‘अजून नाही. जोसेफचा चहा राहिलाय.’’

*

बुधवारी प्रत्येकानं घरून डबा आणायचा आणि दुसऱ्याचा खायचा, हा अण्णांचा नियम. पहिल्याच बुधवारी जोसेफला कडक भाकरी मिळाली, वर शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी. आपली कडक भाकरी कशी वाळवून टणक केलेली असते, ठाऊक आहेच. गड्यानं चटणी खाल्ली, भाजी खाल्ली, आणि भाकरी नळावर नेऊन स्वच्छ धुवून फळीवर उभी करून ठेवली. त्याला ती ताटली वाटली!

नळावर घागर भरत असलेल्या मावशीनं हे पाहिलं. हसून हसून तिची घागर कलंडली. मग म्हणाली, ‘‘आईनं कायबी शिकिवलं न्हाय व्हय ह्येला?’’

अण्णा म्हणाले, ‘‘आई समुद्रापलीकडं आहे, मावशी. दोन वर्षांत भेट नाही.’’

मावशीनं पदर खोचला. घागर पुन्हा भरून घरात गेली.

*

लेझीम शिकवताना मात्र अण्णा रडकुंडीला आले. जोसेफचे पाय त्याच्या गावच्या ठेक्यावर पडायचे. अण्णा ओरडायचे, तो ‘सॉरी’ म्हणायचा आणि पुन्हा तेच. आठवडाभरानं आमचा मैंदर्गीचा हलगीवाला सिद्राम म्हणाला, ‘‘अण्णा, ह्याचाच ठेका ब्येस हाय. तुमीच शिका की.’’

अण्णा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी शिकले.

*

विसर्जनाची मिरवणूक. पुढच्या रांगेत मधोमध जोसेफ, डोक्याला गुलाबी फेटा. त्याची वळकटी बांधून तयार होती. गल्ली नुसती त्याच्याकडे बघत होती.

मावशीच्या दारात मिरवणूक थांबायची. दरवर्षी ती पुढच्या रांगेतल्या पोरांची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून गालाला काजळाची तीट लावायची. त्या वर्षीही ती एकेकाला लावत आली. जोसेफसमोर थांबली. हलगी थांबली. 

मावशीनं त्याला खाली वाकायला लावलं आणि गालाला काजळाचं बोट लावलं. मान तिरकी करून पाहिलं. पुन्हा लावलं, पुन्हा पाहिलं. मग घरात निघून गेली. संपलं सगळं, असं मला वाटलं.

ती बाहेर आली ती ज्वारीच्या ओल्या पिठात बोट बुडवून. जोसेफच्या गालावर तिनं पांढराशुभ्र ठिपका ठेवला.

‘‘आता दिसतीया,’’ ती म्हणाली. ‘‘एवढं गाव बघतंय, दिष्ट लागंल की पोराला.’’

मग अण्णांकडे वळून म्हणाली, ‘‘आन् तू बघत काय ऱ्हायलास? ती पाटी उतरीव.’’