सेकंड शिफ्टचा गुरुवार

मंगळवार होता. मी नववीच्या वह्या तपासत होतो, गॅसवर भात होता. कंपनीच्या बसमधून सलीमचा फोन आला.

"काका, हॉल मिळाला! गुरुवारी दुपारी तीन. तासभर फक्त मी!"

भात करपला. तो तसाच खाल्ला आणि बराच वेळ एकटाच हसत बसलो.

भाडेकरू जाताना सामान नेतात, किस्से घरमालकाकडे सोडून जातात. सलीम तर पाच वर्षं झाली तरी निगडीत आमच्या वरच्या खोलीतच आहे. म्हणजे बघा, केवढा ढीग झाला असेल!

*

खोली बघायला आला तेव्हा माझ्या बायकोनं, सुमननं, विचारलं, "काय करता?"

"चाकणला प्रेस शॉपला आहे, काकू. डाय म्हणजे साचा, त्यात पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढतो. सेकंड शिफ्ट. आणि रॅप करतो. नावपण तेच घेतलंय, 'सेकंड शिफ्ट'."

"करून दाखवा."

त्यानं जिन्यातच सुरुवात केली. सुमननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढी घाई कशाला? बस सुटतेय का? परत म्हण."

त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक गाणं आधी तिच्यापुढे व्हायचं. ती भाजी निवडत ऐकायची आणि शेवटी दोनच शब्द बोलायची, "परत म्हण." 'बरं झालं' असं तिनं कधीच म्हटलं नाही. सलीम त्याचीच वाट बघायचा.

*

शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाही. त्यामुळे सलीम ओळी लिहायचा त्या रिजेक्शनच्या लाल टॅगवर. खराब पार्टला बांधतात ना, तेच कार्ड. एकदा घाईत लिहिलेलाच टॅग बांधला गेला आणि पार्ट क्वालिटीच्या टेबलावर पोचला. तिथल्या साहेबांनी 'दोष' या रकान्यात वाचलं,

"डाय तुझी, पत्रा मी, दाब किती देशील?
वाकलो तरी आकार माझा, नाव कुणाचं लिहिशील?"

साहेब टॅग घेऊन लाइनवर आले. "हे कुणी लिहिलं?"

सलीमनं हळूच हात वर केला. नोकरी गेली, असंच त्याला वाटलं.

साहेब म्हणाले, "पुढचा टॅग कुठाय?"

*

रेकॉर्डिंग आमच्या कपाटात चालायचं. सुमनच्या साड्या आणि दोन गोधड्या यांच्यामध्ये माइक घेऊन सलीम उभा राहायचा. आवाज घुमत नाही म्हणे. पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर सकाळीच उरकलेला.

एकदा गॅस सिलिंडरवाला आत आला आणि नेमका तेव्हाच सलीम घामाघूम होऊन कपाटातून बाहेर पडला.

सिलिंडरवाला घाबरून म्हणाला, "वहिनी, भाडेकरू कपाटात ठेवलाय?"

"काय करणार भाऊ, जागा कमी पडते!"

*

एका म्युझिक कंपनीचा माणूस मुंबईहून घरी आला होता. म्हणाला, गाणी हिंदीत कर, शूटिंगला मोठी गाडी भाड्यानं आणू, तू टपावर बस.

सलीम म्हणाला, "साहेब, त्याच गाडीचं दार मी रोज बनवतो. टपावर बसलो तर शिफ्टमधली पोरं हसतील."

करार न होताच माणूस पोहे खाऊन गेला. सलीम जरा पडल्या तोंडानं जिना चढायला लागला. सुमननं खालून हाक मारली.

"कंपनी नको ना? मग आपल्याच गावात तासभर एकट्यानं उभं राहून दाखव. सगळी तुझी गाणी, मराठीत. मग सांगते कसं झालं ते."

हे मागच्या वर्षीचं. नंतर दोन महिन्यांत सुमन गेली.

*

तर गुरुवार. एमआयडीसीला सुट्टी असते, म्हणून दिवस मुद्दाम निवडलेला. चाकण, भोसरी, तळेगावची पोरं आली. मंगल कार्यालय भरलं, लोक खिडक्यांत बसले. पण सगळ्यांना सुट्टीच आठवली. कारखाने बंद म्हणून विजेच्या लाइनच्या दुरुस्तीलाही गुरुवारच धरतात, हे एकालाही आठवलं नाही!

तिसऱ्या गाण्यात वीज गेली. माइक बंद, बीट बंद, पंखे बंद.

मॅनेजर म्हणाला, "जनरेटर फक्त लग्नाला असतो."

सलीम स्टेजवर नुसता उभा. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "भावा, थांबू नगंस! आमी हाय की!" आणि त्यानं समोरच्या लोखंडी खुर्चीवर गाडीच्या किल्लीनं ठोका धरला. मग शेजारच्यानं. मग सगळ्या हॉलनं.

सलीम विनामाइक सुरू झाला. तो एक ओळ म्हणायचा, पुढची हॉल म्हणायचा. सगळ्यांना सगळं पाठ! एकही माणूस उठला नाही. तास उलटून वर दहा मिनिटं झाली. शेवटच्या गाण्यात वीज आली, स्पीकर घरघरले, तर सगळा हॉल एका सुरात ओरडला, "बंद करा राव ते!"

बंद केलं. गाणं पूर्ण झालं.

नंतर गर्दीतून वाट काढत सलीम माझ्यापाशी आला. शर्ट भिजलेला, घसा बसलेला.

"काका, कसं झालं?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घरी येईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता.

कसं झालं ते सुमन सांगणार होती. उत्तर अजून द्यायचं राहिलंय.