आजोबांची तीन बोटं

लोहाराच्या बायकोचे दंड पाहून शेजारणी म्हणत, हिच्यापुढे नवऱ्याची काय टाप! पण होती टाप. अकरा वर्षं ती भट्टीवर घण मारत होती आणि तो तिला मारत होता. एकदा दात पडला, एकदा बरगडी मोडली. सोसायची सवय दारूपेक्षा वाईट, सुटता सुटत नाही.

तो डाव्या हातातल्या आखूड सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरी. उजव्या हातातली हातोडी तो टेकवेल तिथेच तिने घण घालायचा. वीतभर चुकला तर सांडशीवरचा हात गेलाच. तिचा कधी चुकला नव्हता.

जेवताना नवऱ्याची एक कथा ठरलेली. दरोडेखोर आले, आजोबांनी एकट्याने सात जण लोळवले, तलवारीने त्यांची तीन बोटं गेली. दरोडेखोर दर वर्षी एकाने वाढत.

त्या सकाळी पाणी द्यायला उशीर झाला म्हणून त्याने तापलेली सळई तिच्या मनगटाला लावली. राहायला आलेल्या त्याच्या आत्याने ते पाहिलं. दुपारी तो "दरोडेखोर नऊ होते" म्हणाला, तेव्हा आत्याने घास खाली ठेवला.

"तलवार कुठली रे? ती बोटं चेचलेली होती. मी सहा वर्षांची, भाता ओढत होते. आदल्या दिवशी बाबांनी आईचं डोकं ऐरणीवर आपटलं होतं. त्यांनी हातोडी इकडे टेकवली, आईने घण तिकडे घातला. बोटं सांडशीपासून सोडवून काढावी लागली."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय, पुन्हा हात नाही उठला. दरोडेखोर आईनेच शोधून काढले, नवऱ्याची अब्रू राखायला."

म्हाताऱ्या आत्याला मारता येईना, म्हणून त्याने ताट बायकोच्या तोंडावर भिरकावलं. तिचा ओठ फाटला. "चल कामाला," तो ओरडला.

भट्टीवर त्याने हातोडी टेकवली. घण वर गेला. तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि ती हातोडीकडे बघतच नव्हती.

घण त्याच्या बोटांच्या केसभर पुढे पडला. सांडशी वाकली, लाल लोखंड उडून त्याची पोटरी भाजून गेलं.

"चुकला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःसाठी हातभर जास्त लांब सांडशी घडवायला घेतली. घण अर्थातच तिनेच मारला. प्रत्येक घावाला तो लोखंड सोडून तिच्या डोळ्यांकडे बघत होता.