मशीनमध्ये भरलेली चाल

१९९४ च्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, डोंबिवलीच्या आमच्या घरी दाढी करताना माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या हातातला मग बेसिनमध्ये पडला. तो त्यांना परत उचलता आला नाही.

त्याच दिवशी ठाण्यातल्या एका रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. निदान इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी वाहिनी बंद पडणे. मेंदूची उजवी बाजू दुखावली होती. त्यामुळे लेफ्ट हेमिप्लेजिया, म्हणजे शरीराची डावी बाजू लुळी. वाचा शाबूत होती.

“जीव वाचलाय,” डॉक्टर म्हणाले. “चालतील का, ते आज सांगता येणार नाही.”

पती मोहने गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पाळीभर खात्यात फिरणं हेच काम. चालणं गेलं तर नोकरीही जाणार होती. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी पुढचं लिहिते आहे.

रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात, म्हणजे व्यायामोपचाराच्या खोलीत, एक मशीन चाचणीसाठी आलं होतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ते तयार झालं होतं. खाली फिरता पट्टा, वर रुग्णाला तोलून धरणारे पट्टे, दोन्ही पायांना बांधलेले लोखंडी दांडे. मोटर सुरू झाली की दांडे पाय उचलत आणि ठेवत. सगळे त्याला रोबो म्हणत.

पहिल्या दिवशी पट्टे आवळताना पती म्हणाले, “गोदीतल्या पेटाऱ्यासारखा उचलताय रे मला. खाली तरी नीट ठेवा.”

थेरपिस्ट म्हणाली, “काका, पायाकडे बघा. तो आपलाच आहे, असं त्याला सांगत राहा.”

पावसाळ्याआधी पाय हलू लागला. पुढे घरात भिंतीच्या आधाराने ते चालू लागले.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीत पावलं वाजली. टाच टेकली, क्षणभर थांबली, मग तळवा घासत खाली आला. मी ओरडून विचारलं, “कोण आलंय?”

“मीच. दुसरं कोण येणार?”

लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत त्यांची चाल घाईची होती. टाच जेमतेम टेकायची. जिन्यात पाऊल वाजलं की शेजारीसुद्धा ओळखत. ही चाल त्यांची नव्हती.

मशीनच्या इंजिनिअरला मी विचारलं. त्याने सांगितलं की मशीनमध्ये एकाच माणसाची चाल भरली आहे. वर्कशॉपमधल्या मोघे नावाच्या मेकॅनिकला चालायला लावून फिल्म घेतली होती, आणि त्यावरून दांड्यांची हालचाल ठरवली होती.

“त्यांना भेटता येईल?”

“मोघे गेल्या वर्षी वारले,” तो म्हणाला. “हार्ट अ‍ॅटॅक.”

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “हेमिप्लेजियात पाऊल असं अडखळतंच. मशीनमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही.” दोन्ही शक्यता इथे नोंदवते.

पतींना मी हे सांगितलं. त्यांनी मशीनवर चढणं बंद केलं. “मेलेल्या माणसाच्या पायांनी मला चालायचं नाही,” म्हणाले. घरी ते खुर्चीत बसून राहत, डाव्या पायावर चादर टाकून. पाय आखडू लागला.

डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. “मेंदूला नमुना लागतो. नमुना कुणाचा, हे तो विचारत नाही. आत्ता थांबलात तर हा पाय पुन्हा मिळणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ते मशीनवर जायला तयार होऊन बसले.

विभागाबाहेरच्या बाकावर एक बाई अधूनमधून दिसत. मशीन सुरू झालं की डोळे मिटून घेत. मी त्यांना कुणा रुग्णाच्या नातेवाईक समजत होते. एकदा पती मशीनशिवाय, काठी टेकत पॅसेजमधून आले तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. मग माझ्याजवळ आल्या.

“मी मिसेस मोघे. तुमच्या ह्यांना एकदा आमच्याकडे आणाल? कोपरला राहतो आम्ही. बैठी चाळ आहे, जिना नाही.”

पती म्हणाले, “जाऊ की. कुणाचा पाय घेऊन फिरतोय, मलाही बघायचंय.”

रविवारी सकाळी आम्ही कोपरला गेलो. बैठ्या चाळीत लांब ओटा होता आणि मोघ्यांची खोली शेवटची. बाई दाराकडे पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. “ओट्याच्या त्या टोकाकडनं चालत या,” त्यांनी न वळता सांगितलं. “मी बघणार नाही.”

काठीचा आवाज नको म्हणून पतींनी काठी माझ्याकडे दिली. घराबाहेर काठीशिवाय ते तोवर चालले नव्हते. मी मागे राहिले. टाच, थांबणं, तळवा. ओट्यावरच्या दारांतून दोघी-तिघी डोकावल्या. एक म्हातारी पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

ते दाराशी पोहोचले. बाईंचा मेथीतला हात थांबला.

“चपला बाहेर काढा हो,” त्या म्हणाल्या. “आत्ताच लादी पुसलीय.”

पतींनी चौकट धरून उजवी चप्पल काढली. डावी काढायला मी पुढे झाले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि ती स्वतः काढली.