थकून या, मग तपासतो

डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला, वर गाठ मारली आणि तो माझ्या मिटलेल्या डाव्या डोळ्यावर ठेवला. दोन मिनिटं ते घड्याळाकडे बघत राहिले. मोजा काढला, तर दुपारपासून खाली पडलेली पापणी वर गेली होती. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला नीट दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा आळस नाही. याला मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात."

हे नाव पाठ व्हायला मला आठवडा लागला. अर्थ मात्र तिथेच कळला. हात हलवायचा तर मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत जावा लागतो. या आजारात आपल्याच रक्तातली काही द्रव्यं, त्यांना अँटीबॉडी म्हणतात, तो निरोप दारातच अडवतात. सुरुवातीचे निरोप पोचतात, मग पोचेनासे होतात. म्हणून विश्रांती घेतली की हात चालतो आणि वापरत गेलं की गळतो. गार केलेल्या स्नायूला निरोप थोडा वेळ बरा पोचतो, म्हणून तो बर्फ.

मी अमळनेरची. लग्नाकार्यात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करून देते. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते, मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. तिला लाटणं लागत नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन, हात वर धरून फिरवत फिरवत लांबवायचा आणि कोपरापर्यंत आला की चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर टाकायचा. सगळं काम खांद्यांचं. माझा मांडा फाटत नाही असं लोक सांगायचे, आणि मीही सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

गेल्या आखाजीला पहिले पंधरा मांडे नेहमीसारखे झाले. सोळावा हातावरच फाटला. सतरावा फाटून पुरण चुलीत गेलं. हात खाली येत होते, मी वर ओढत होते. थोडं टेकले की पुन्हा पाच-सहा व्हायचे. मग वेणी घालताना तसंच व्हायला लागलं. संध्याकाळी भाकरी चावताना जबडा दमायचा आणि मी हनुवटीला हात लावून जेवायचे. आवाज नाकातून यायचा.

आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात. ते म्हणाले, वयाचा शीण आहे. जाऊ म्हणाली, नजर लागली. मी स्वतः त्याला आळस म्हणत होते, कारण तो शब्द माझ्या तोंडात बसलेला होता. चार वर्षांपूर्वी मी तो सुरेखासाठी वापरला होता.

सुरेखा माझ्या हाताखाली उंडे भरून द्यायची. हात चांगला, पण सारखी टेकायची. शिवाय महिन्यातून दोनदा निरोप यायचा, अक्का, मी बाहेर शे. आमच्याकडे पाळीतली बाई चुलीजवळ येत नाही, त्यामुळे पुढे बोलायची सोयच नसते. मी पक्कं धरलं की ही सबब आहे. एका लग्नाच्या मांडवात तिने हात टेकला तेव्हा चाळीस बायांसमोर म्हणाले, "दोन दोनदा पाळी येते का गं कुणाला? आळशी मेली." ती पदर खोचून निघून गेली. त्यानंतर माझ्याकडे आली नाही आणि मीही बोलावलं नाही.

आता माझी पाळी दवाखान्यांची. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, साखर ठीक. मीच म्हटलं, एक बाटली लावा. सलाईन लावून तीन तास पडले आणि घरी येताना चांगली चालत आले. सगळे म्हणाले, बघ, बाटली लागू पडली. तशा मी पाच बाटल्या लावून घेतल्या. गुण बाटलीचा नव्हता, तीन तास पडून राहण्याचा होता. हे कळायला मला आणि गावाला आणखी चार महिने लागले.

मग धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून मी आदल्या दिवशी काम केलं नाही, लवकर झोपले, धुतलेलं लुगडं नेसले आणि सकाळचा पहिला नंबर लावला. आपण सगळे असंच जातो. त्यांनी हात दाबून बघितले, पाय उचलायला लावले. म्हणाले, ताकद उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका. मनाची गोळी दिली. ती मी खाल्ली आणि दुपारी जास्त झोपले. पुढच्या वेळी पुन्हा सकाळी पहिला नंबर.

जळगावचे डॉक्टर नसांचे, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट. त्यांच्याकडेही मी तशीच ताजीतवानी गेले. त्यांनी आधीचे कागद चाळले. प्रत्येकावर एकच इंग्रजी शब्द होता, फटीग. त्यांनी विचारलं, "थकवा म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं?"

मला रागच आला. थकवा म्हणजे थकवा, यात काय विचारायचं? पण ते थांबून राहिले, म्हणून मला विचार करावा लागला. चुलीपुढे दिवस काढल्यावर येतो तो शीण, तो झोपेने जातो. तापातून उठल्यावर असतो तो अशक्तपणा. माझी आई गेली तेव्हा महिनाभर काही करावंसं वाटत नव्हतं, ती मरगळ. नको ते काम पुढ्यात आलं की येतो तो कंटाळा. माझं यातलं काहीच नव्हतं. मन मांडा लांबवायला तयार होतं, हात येत नव्हते. मी त्यांना सांगितलं, पहिला मांडा होतो, सोळावा होत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मग तुम्ही सकाळी कशाला येता? उद्या मांडे करा, अजिबात पडू नका आणि संध्याकाळी थकून या. मग तपासतो."

दवाखान्यात थकून या, असं सांगणारा माणूस आमच्या ह्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी जमतील तेवढे मांडे केले. हे रजा टाकून समोर बसले आणि मी भिंतीला टेकले की हाक मारायचे. गाडीतही मला डोळा लागू दिला नाही. पाच वाजता पोचलो तेव्हा डावी पापणी पडलेली होती आणि मला दोन दोन डॉक्टर दिसत होते. पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

नंतर हाताच्या नसेला बारीक झटके देऊन तपासलं. अँटीबॉडीसाठी रक्त मुंबईला पाठवलं, तो रिपोर्ट यायला आठ दिवस गेले. छातीचा सीटी स्कॅन झाला, कारण छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते आणि ती कधी वाढते. माझी वाढलेली नव्हती. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस पोटात मुरडा यायचा, मग बसलं. डॉक्टरांनी बजावलं की गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरी थांबायचं नाही. काही औषधं या आजारात चालत नाहीत, म्हणून आजाराच्या नावाची चिठ्ठी माझ्या बटव्यात असते.

हा आजार जात नाही, आवरता येतो. आता मी दहा मांडे करते आणि बसते. दहानंतर कुणी आग्रह केला तर सरळ नाही म्हणते. हे म्हणायला मला पन्नास वर्षं लागली.

गोळी लागू पडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सुरेखाकडे गेले. चार वर्षांत त्या गल्लीतून गेले नव्हते. तिने पाणी दिलं आणि उंबऱ्याला टेकून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. मी डॉक्टरांचाच प्रश्न विचारला, "तुला थकवा म्हणजे काय होतं गं?"

ती म्हणाली, "धाप लागस, अक्का. मी बाहेर शे सांगत व्हती ना, ते खरंच व्हतं. महिनामां पंधरा पंधरा दिन अंगावरून जास."

तिचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, साधीच होती. ऑपरेशनच्या आधी तिला रक्त चढवलं, तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून होते. म्हणून सांगते, घरात कुणी थकले म्हटलं तर लगेच नाव ठेवू नका, आधी काय होतं ते विचारा. जळगावच्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत, ते गोळ्यांपेक्षा त्या प्रश्नाचे.

रक्त चढत असताना मी सुरेखाची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या, अक्का." पण खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि आळशी म्हटलं होतं ते चाळीस बायांसमोर. यंदा आखाजीला त्या सगळ्या माझ्या चुलीपाशी असतील. पहिला मांडा खापरावर टाकायच्या आधी बोलेन, तेव्हा हातही ताजे असतात आणि आवाजही नीट फुटतो.