आबांचे सत्तेचाळीस बंदूकवाले आणि एक ढोलवाला

मार्करचं टोपण दातांत धरून आबा डावा हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा, डोळा चाललाय." मग आमच्या डिस्पॅच ऑफिसातलं कुणीतरी उठून पंखा बंद करायचं. बाहेर जळगावचा मे महिना, आत सहा माणसं डबे उघडे टाकून श्वास धरून बसलेली, आणि मधोमध पाइप कंपनीचा एक चेकर इंचभर उंचीच्या प्लास्टिकच्या शिपायाला डोळा काढतोय. ठिपका नीट बसला की आबा टोपण लावायचे. मग पंखा सुरू व्हायचा आणि आम्ही उरलेली भाकरी खायचो.

तुमच्याही ऑफिसात छंदवाला एखादा असेलच. पण त्याच्या छंदासाठी तुम्ही कधी मे महिन्यात पंखा बंद केलाय का, ते आठवून बघा.

एकदा मोठे साहेब अचानक आत आले. आबांनी मान वर न करता हात दाखवला. साहेबही जागच्या जागी उभे राहिले, कपाळावरून घाम नाकापर्यंत आला तरी हलले नाहीत. डोळा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कोण हा?"

"सावद्याचा हिरामण," आबा म्हणाले.

"आपल्याकडे आहे का?"

"नाही साहेब. पायदळात आहे."

ही फौज त्यांच्या भाच्याने परदेशातून आणून दिली होती. एकाच साच्यातले सत्तेचाळीस बंदूकवाले आणि एक ढोलवाला. टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडायच्या, फिता धरून इंच मोजून माणसं पुढे सरकवायची आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं, असा तो खेळ. सगळं जग या बाहुल्या ब्रशने रंगवतं. आबांना ब्रश मानवत नसे. तीस वर्षं पाइपांवर मार्करने नंबर टाकलेला हात तो. कोटाची बटणं सोनेरी मार्करने, मिशा काळ्या सीडी मार्करने. मिशा सगळ्यांना, अगदी खानदेशी वळणाच्या. ठिपका मोठा झाला तर म्हणायचे, "हा घाबरट निघाला." एकजण तिरळा झाला, तर त्याला डाव्या टोकाला उभा केला, म्हणजे उजवीकडचं सगळं त्याला दिसेल.

आणि प्रत्येकाच्या तळाला नाव आणि गाव. कासोद्याचा भिका, पिंपळनेरचा सुक्राम, रावेरचे दोन सख्खे भाऊ. "नाव असलं तर माणूस, नाहीतर प्लास्टिक," हे आबांचं ठरलेलं वाक्य. ते ज्या ज्या गावी पाइप पोचवायला गेले, तिथे ज्याने पाणी विचारलं, त्याचं नाव फौजेत दाखल.

याचा खेळावर परिणाम व्हायचाच. ऐन लढाईत मी एखाद्याला पुढे सरकवायला बोट लावलं, की आबांची खानदेशी सुरू. "त्याले नका हात लावू, भाऊ. तेना घर लगीन शे." दुसऱ्याचा कापूस वेचायचा राहिलेला असायचा. फाशाने कुणी पडलाच, तर आबा त्याला उचलून ताटलीत ठेवायचे आणि म्हणायचे, "रजेवर गेला." त्यांच्या फौजेतलं कुणी मेल्याचं मी कधी ऐकलं नाही. जिंकल्याचंही नाही.

आमचे प्रतिस्पर्धी म्हणजे धुळ्याचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक. गुरुजींची फौज साठ जणांची, तीन केसांच्या ब्रशने रंगवलेली. आम्हाला ते 'मार्करवाले' म्हणत, पेट्यांवर पत्ते लिहिणाऱ्यांना म्हणावं तशा सुरात. आबांचा गुरुजींवर एकच संशय होता. ताटलीत गेलेली त्यांची माणसं गुपचूप टेबलावर परत येतात. म्हणून आबांनीच भांडून नियम करून घेतला: खेळाआधी समोरच्याने प्रत्येकाचा तळ बघायचा, ज्याच्याखाली नाव नाही तो उतरणार नाही, म्हणजे पडलेला परत आला तर नावाने सापडेल. गुरुजींनी नाक मुरडत साठ नावं लिहिली.

गेल्या वर्षी धुळ्याला डाव ठरला. दिसायला ठसठशीत हवं म्हणून आबांनी नवे मार्कर आणले आणि आठवडाभर बसून सगळी नावं, मिशा, डोळे, बटणं वरून गडद केली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पक्का मार्कर कुठला आणि व्हाईटबोर्डचा कुठला, हे आबा वाचून नव्हे, हुंगून ओळखायचे. दुकानदार बारा मार्कर पुढे करायचा, आबा बारा टोपणं काढून बारा वेळा हुंगायचे. त्या आठवड्यात त्यांना सडकून सर्दी झाली होती.

फौज त्यांनी केळीच्या खोक्यात भरली. सावद्याकडे केळीच्या फण्यांमध्ये घालतात तो पातळ फोम प्रत्येक रांगेत घातला, खोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही एसटीने निघालो. धुळ्यापर्यंतचा रस्ता कसा आहे, ते तुम्ही गेला असाल तर मी सांगायला नको.

गुरुजींच्या घरी खोकं उघडलं तर फोमवर मिशा होत्या. फोमवर डोळे, बटणं, अर्धवट 'हिरामण'. व्हाईटबोर्डची शाई जुन्या पक्क्या शाईवर फिरवून पुसली की दोन्ही निघतात, आणि आम्ही तर दोन तास खडखडत पुसतच आलो होतो. अठ्ठेचाळीस जण गुळगुळीत चेहऱ्याने आमच्याकडे बघत होते, म्हणजे बघायला डोळे असते तर.

मला हसू फुटणार होतं, पण आबांकडे पाहिलं आणि गिळलं. ते एकेकाला उलटा करून परत ठेवत होते.

गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "आबा, नियम तुमचाच आहे."

"शे ना. मना शे." आबांनी हातातला शिपाई खाली ठेवला. मग म्हणाले, "लिहिलेलं गेलं. माणसं कुठे गेली? विचारा मला."

गुरुजींनी एक उचलला. आबांनी तो हातात घेऊन मानेवरून अंगठा फिरवला. "कासोद्याचा भिका. मान किंचित वाकडी." दुसरा. "सुक्राम. संगीन बोथट." गुरुजी उचलत गेले, आबा सांगत गेले, कुणाचं गाव, कुणाची म्हैस, कुणाचा कोर्टातला बांध. मधेच गुरुजींनी सात जण गुपचूप रुमालाखाली ठेवले आणि चहा झाल्यावर भलत्याच क्रमाने परत विचारले. सातही नावं तीच आली.

शेवटी ढोलवाला राहिला.

"हे आपले दिलीपभाऊ," आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "भित्रे आहेत, म्हणून मागे ठेवतो. पण यांच्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही."

फिता धरायचं काम माझं, तळ बघायचं समोरच्याचं, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं. मी चहाचा रिकामा कप परत तोंडाला लावला.

गुरुजींनी साठच्या साठ जण मांडले आणि म्हणाले, "उतरू द्या सगळ्यांना. तुमच्या फौजेला आता नाव लिहायची गरज नाही." आम्ही त्या दिवशी असे हरलो की ताटली कमी पडली, वर दोन बश्या घ्याव्या लागल्या. परतताना आबा एसटीत मला अख्ख्या रस्ताभर सांगत होते, गुरुजी काय म्हणाले. पुढे त्यांनी डोळे आणि मिशा पुन्हा काढल्या. पक्क्या मार्करने, वाचून घेतलेल्या. नावं मात्र लिहिली नाहीत. गरज नाही म्हणाले होते ना गुरुजी.

आबा या थंडीत गेले. सकाळी ऑफिसला निघताना पायात बूट घालत होते, तेवढंच. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, ते खोकं माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, "तुमी न्या, भाऊ. ह्या बठ्ठा तुमले वळखतस." सगळे मला ओळखतात म्हणे.

मागच्या रविवारी गुरुजी जळगावला आले. आबांच्या नावाने एक डाव खेळू म्हणाले. मी फौज बाहेर काढली आणि आम्ही दोघं एकेकाला उलटा करत बसलो. नावं आम्हाला बरीच आठवत होती. हिरामण, भिका, सुक्राम, रावेरचे भाऊ. कोणता कोण, ते एकाचंही सांगता येईना. मी कितीतरी मानांवरून अंगठा फिरवून पाहिला, मला सगळ्या सरळच लागल्या.

"अंदाजाने लिहून टाका," गुरुजी म्हणाले.

मी मार्कर उघडला, पण हात चालेना. भलत्यालाच हिरामण म्हणणं आबांना चाललं नसतं. मग मी ढोलवाला घेतला, त्याच्या तळाला माझं नाव लिहिलं, वाळू दिलं आणि टेबलावर उभा केला. बाकीचे खोक्यात राहिले.

गुरुजींनी साठ जण समोर मांडले. या बाजूला मी एकटा, ढोल घेऊन. पहिला फासा गुरुजींचा होता. त्यांनी तो मुठीत धरला आणि बराच वेळ टाकलाच नाही.