साहेबाच्या चान्या

देवळालीला एका बंगल्यात मी स्वयंपाकाला होते. साहेब लष्करातले, पार्ट्या फार. पिणाऱ्या पाहुण्यांना हातात धरून खायला काहीतरी लागायचं. भजी झाली, कबाब झाले, तरी बाईसाहेबांना दर वेळी नवीन हवं. त्यांच्या परदेशातल्या बहिणीने कळवलं की तिकडे बेकनला साखर लावून ओव्हनमध्ये भाजतात. बेकन म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या. त्या मुंबईहून बर्फात घालून यायच्या.

पहिल्यांदा सगळं करपलं. पट्ट्या सरळ ट्रेमध्ये ठेवल्या, चरबी सुटली, साखर तिच्यात वाहून गेली आणि काळी झाली. तो ट्रे घासताना माझी नखं झिजली. मग ट्रेवर जाळी ठेवली आणि पट्ट्या जाळीवर मांडल्या. बहिणीने सांगितलेली तपकिरी साखर नाशकात मिळेना, म्हणून गूळ किसून लावला. वर मिरपूड आणि चिमूटभर तिखट. मध्येच उलटायच्या, दुसऱ्या बाजूला गूळ लावायचा. बाहेर काढल्यावर मऊ असतात, गार झाल्या की कडक होतात. जाळीवर जास्त वेळ राहिल्या तर चिकटतात आणि उचलताना तुटतात. एवढंच आहे त्यात. मी चाखून पाहिलं, वाईट नव्हतं. पाहुण्यांना तर इतकं आवडलं की मग दर पार्टीला तेच. त्या धुराचा आणि गुळाचा वास माझ्या केसांत बसायचा, डोकं धुतलं तरी जायचा नाही.

सासूने एकदा विचारलं, "कसलं गं ते, दिसतं कसं?"

मी हाताने लांबी-रुंदी दाखवली.

"मंग चान्याच की त्या!" ती म्हणाली. "साहेबाच्या चान्या!"

पूर्वी गावात मेलेलं जनावर ओढायचं काम आमच्या लोकांवर होतं. त्याच्या मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळ्यात काही नसलं की भाजून खायच्या. त्या चान्या. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आम्ही ते काम सोडलं, ते खाणं सोडलं, शब्दसुद्धा तोंडातून काढेनासे झालो. सासूने पण खाणं सोडलं होतं. शब्द तेवढा राहिला. मी कामावरून आले की दारातच विचारायची, "झाल्या का साहेबाच्या चान्या भाजून?" मुलगी खो खो हसायची. मीही हसायचे.

मुलगी मॅट्रिक झाली होती. तिला शाळेत शिकवायचं होतं, त्यासाठी डी.एड. करायला हवं होतं. नवरा दम्याने घरी बसलेला. आमच्याच्याने ते होणार नव्हतं. तेवढ्यात नाशिक शहरातल्या एका कॉलनीतलं स्थळ आलं. आमच्याच समाजातलं. मुलगा कारकून, बाप गुरुजी. मधल्या माणसाबरोबर त्यांनी आपणहून निरोप धाडला की लग्न झाल्यावर मुलीला डी.एड.ला घालू. असं कोणी म्हणत नसे. मुलीने खोक्यात बांधून ठेवलेली पुस्तकं काढून फळीवर मांडली.

ते बघायला आले त्याच रविवारी बंगल्यात पार्टी. सुट्टी मागितली तर बाईसाहेब म्हणाल्या, बेकन करून जा. सकाळी जाऊन भाजलं, डबे भरून ठेवले आणि बसने घरी आले. पाहुणे येऊन बसले होते. साडी बदलली, केस तसेच राहिले.

मुलीने पोहे आणले. गुरुजींनी तिला दोन-चार प्रश्न विचारले, तिने न अडखळता उत्तरं दिली. मुलगा तिच्याकडे बघत होता, ती फळीकडे. मला वाटलं, झालं.

मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती. तिने नाक ओढलं. "गुळाचं काही केलंय का? गोड वास येतोय."

"कामावरचा वास आहे," मी म्हणाले.

तिथे विषय संपला असता. पण सासूला नातीच्या पाहुण्यांना हसवायचं होतं. "आवं, माझी सून साहेबाच्या चान्या भाजती. गूळ लावून!"

मुलगा हसणार होता. बापाने त्याच्याकडे पाहिलं, तो थांबला.

"आजी," गुरुजी म्हणाले, "तो शब्द आमच्या घरात निघत नाही."

"का वो पाव्हणं? तुमच्या आईनं काय वाळत घातल्या नाय का कधी?"

नवऱ्याने "आई!" म्हटलं आणि त्याला खोकला लागला. मी सांगितलं, ते बेकन असतं, साहेब लोक खातात, आमच्या घरात त्यातलं काही येत नाही. गुरुजींनी मान हलवली. बशीत अर्धे पोहे ठेवून ते उठले.

"कळवतो," म्हणाले.

मधला माणूस आठवड्याने आला. मुलगी चांगली आहे, पण घरात अजून जुनं चालतं, असा निरोप होता.

पुढे बसस्टँडवर मुलाची आई दिसली. मी सरळ विचारलं, आमचं काय चुकलं? तिने आजूबाजूला पाहिलं. "माझ्या सासूच्या हातच्या मी स्वतः खाल्ल्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "पण बोलायचं नसतं हो." तिची बस लागली, ती गेली.

नंतर स्थळं आली. शिकवू म्हणणारं एकही नव्हतं, आणि मुलगी दुसऱ्या कशाला हो म्हणेना. मग स्थळं यायची थांबली. फळीवरची पुस्तकं तिनेच परत खोक्यात बांधली, मला हात लावू दिला नाही. माझे गुडघे गेले तेव्हा बंगल्यातलं काम तिने धरलं. साहेब बदलून गेले, दुसरे आले. जुन्या बाईसाहेब नव्या बाईसाहेबांना जाता जाता सांगून गेल्या होत्या की इथे ते गोड बेकन फार छान होतं.

तिच्या बोलण्याने स्थळ मोडलं हे सासूला कोणी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ती दारात बसलेली असायची. मुलगी आली की डोळे बारीक करून बघायची, वास घ्यायची आणि विचारायची, "झाल्या का गं साहेबाच्या चान्या भाजून?"

"झाल्या, आजी," मुलगी म्हणायची आणि डोकं धुवायला मोरीत जायची.