आधी गुळाची ढेप

सत्तरच्या दशकात साताऱ्यात आमचं गिर्यारोहण मंडळ होतं. कार्यकारिणी अकरा जणांची. कड्यावर चढणारे दोन, एक निवृत्त हवालदार आणि दुसरा मी. उरलेले नऊ मार्गदर्शन करत.

दोर अडकवायला आम्ही कातळाच्या फटींत लोखंडी मेखा ठोकायचो. प्रत्येक फट वेगळ्या मापाची, म्हणून मेखांचं पोतं पाठीवर. आणि ठोकलेली मेख परत निघत नसे. मी पेशानं ड्राफ्ट्समन. सगळ्या फटींना चालेल असं एकच साधन कागदावर काढलं: एकमेकींवर सरकणाऱ्या दोन उलटसुलट पाचरी, मध्ये स्प्रिंग. फटीत सोडली की फुगून बसेल, दोराला ओढ बसली की आणखी आवळेल.

सांगलीच्या मिस्त्रीनं चित्र उलटं धरलं.

"ह्ये पंपाचं हाय का चरकाचं?"

"माणूस लटकवायचं."

"मग तुरुंगात द्या की. माझ्याकडं कशाला आनलंय?"

पण काम सुबक केलं, आणि चाचणीला स्वतः आला.

चाचणीची यादी माझी: दोर, पोतं, गुळाच्या तीन ढेपा, नारळ, हळदकुंकू. ढेपा वजनासाठी. तीन ढेपा म्हणजे भरल्या पोटाचा एक हवालदार.

कड्याखाली पूजा झाली, नारळ फुटला. इस्त्रीच्या पँटमधले अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले होते.

"हवालदार, चढा. फोटोत गूळ काय दाखवायचा?"

मी म्हटलं, "यादीत ढेप आधी आहे."

अध्यक्षांनी मत घेतलं. नऊ हात वर झाले. साधन सुरक्षित असल्याचा ठराव बहुमतानं मंजूर. हवालदार मुकाट दोर बांधू लागले, फौजेची सवय. मी दोरावर बसलो आणि उठलो नाही.

शेवटी वैतागून अध्यक्षांनी ढेपांचं पोतं हाताच्या उंचीवर लटकवू दिलं. हात सोडले मात्र, पाचर साबणासारखी फटीतून निसटली. गूळ अध्यक्षांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर फुटला.

पाचर उचलली तर बोटं तेलकट.

"आतबाहेर चोळलंय," मिस्त्री अभिमानानं म्हणाला. "पूजेला आनिक पळीभर. तेलाबिगर माल दिला तर गिऱ्हाईक म्हनंल, भंगारातनं आनलाय."

आतून तेल हवंच होतं. बाहेरून, जिथं दगड धरायचा तिथं, थेंबही नको. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

हवालदार फुटलेल्या गुळाकडं बघत राहिले. "आवं, त्यो गूळ म्हंजी मी की."



अध्यक्षांच्या स्कूटरमधलं पेट्रोल काढून आम्ही पाचरीची बाहेरची बाजू धुतली, मिस्त्रीनं ती कानशीनं खरबरीत केली. गुळाचे तुकडे पोत्यात भरून पुन्हा लटकवले. पोतं दोनदा ओढलं, हिसके दिले. हललं नाही.

हवालदारांनी दोर कमरेला बांधला. फटीत पाचर स्वतः बसवली, स्वतः ओढून पाहिली. मग मार्गदर्शकांकडं वळून म्हणाले, "आता मी जातो. पर हात कुनी वर करू नका."